बाबांचं बदक

पालकांनी भरावयाचा भाग. निळ्या शाईने लिहावे. जागा अपुरी पडल्यास मागच्या बाजूस लिहावे.

१. सहभागी व्यक्तीशी आपले नाते

आई.

एवढं लिहून आईने पेनाला टोपण लावलं आणि पुढे तीस प्रश्न आहेत हे पाहून पुन्हा काढलं. स्मृतीच्या अभ्यासाचा हा वार्षिक फॉर्म तिच्या मांडीवर बाराव्यांदा आला होता. कॉरिडॉरमधल्या खुर्च्या त्याच होत्या, चारी एका लोखंडी पट्टीला जखडलेल्या, एकाने पाय हलवला की चौघांना कळावं अशा. बाबा पाय हलवत होते.

"अहो, पाय."

"पायाला काय झालं?"

"अक्षर हलतंय माझं."

बाबांनी पाय थांबवला आणि गुडघा हलवायला घेतला.

२. सहभागी व्यक्तीचे वय व निदान

छत्तीस. डाउन सिंड्रोम.

३. घरी कोणत्या नावाने हाक मारता?

साहेब.

ते कसं पडलं ते सांगायला हवं. मुलगी जन्मली त्याच दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाळण्यापाशी उभं राहून काय काय होणार नाही याची यादी वाचून दाखवली होती. बोलणं त्या यादीत होतं. चार वर्षं मुलीने यादीचा मान राखला. मग एक दिवस बाबा दाढी करत असताना मागून आवाज आला, "नळ बंद कर." बाबांनी गालाला साबण असतानाच नळ बंद केला. तेव्हापासून घरावर हुकमत तिची. दिवा घालव. चप्पल जागेवर. तोंड पूस. बाबांचं केस कापायचं दुकान होतं, तिथेही गिऱ्हाइकांची सुटका नसे. "मान खाली. अजून खाली." लोक दारातून डोकावून विचारायचे, साहेब आहेत का आत? असतील तर उद्या येतो.

दोन ओळींच्या जागेत आईने फक्त 'साहेब' लिहिलं होतं.

गेल्या आठ महिन्यांत घरात 'नळ बंद कर' असं कोणी म्हटलेलं नव्हतं. आईने एकदा मुद्दाम नळ उघडा ठेवून पाहिला. बादली भरली, वाहिली, पाणी मोरीबाहेर आलं. साहेब शेजारी उभ्या राहून पाण्याकडे पाहत होत्या. पाण्याने त्यांची पावलं भिजली. शेवटी आईनेच नळ बंद केला, फडकं घेतलं आणि जमीन पुसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. फडकं पिळून दोरीवर टाकलं.

६. पालकाचा व्यवसाय

निवृत्त. वजनकाटे तपासनीस.

म्हणजे दुकानादुकानांतून जाऊन काटे खरं बोलतात का ते पाहायचं. मखमली पेटीत पितळी वजनं, सोबत शिसं आणि पक्कड. काटा बरोबर असला तर शिशाचं सील ठोकायचं, नसला तर दुकानदाराचा चेहरा पाहायचा. तीस वर्षं आईने हेच केलं. बाजारात तिचा असा दरारा, की ती नुसती भाजी घ्यायला गेली तरी पाच-सहा दुकानांत काटे पुसले जायचे.

त्या खात्याचा एक नियम होता. तपासणीची वजनं दुकानदाराच्या हाती एक रात्रसुद्धा ठेवायची नाहीत. ठेवली, की तो काटा त्याच वजनांना बरोबर उत्तर द्यायला शिकवतो. बाकी सगळ्याला मग तो वाटेल ते सांगतो. आई नव्या पोरांना हा नियम पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावायची.

८. सहभागी व्यक्तीच्या कामाच्या ठिकाणी गेल्या वर्षभरात काही बदल?

☐ नाही ☐ थोडा ☑ बराच

साहेब एका हॉटेलच्या धुलाईखान्यात टॉवेलच्या घड्या घालायच्या. चौदा वर्षं. अर्धा, पुन्हा अर्धा, मग तीन घड्या, शिवण आत. दुसऱ्या कुणाची शिवण बाहेर दिसली, की तो टॉवेल त्याच्या अंगावर यायचा. चार महिन्यांपूर्वी तिथल्या मुकादमबाईंचा फोन आला.

"काकू, रागावू नका. साहेब अर्धी घडी घालतात आणि तशाच उभ्या राहतात."

"किती वेळ?"

"कोणी हातातून घेईपर्यंत."

"रागावतात का घेतल्यावर?"

"तेच तर. रागावत नाहीत हो."

आई त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी साहेबांकडे न बघता आईला सांगितलं, "या मुलांचं असंच असतं. छत्तीस म्हणजे यांच्या मानाने वय झालं." रक्त नाही, कान नाही, काही नाही. "आणि त्या अभ्यासात आहेत ना तुम्ही? तिथे एवढी मोठी माणसं बघतात, मी काय वेगळं बघणार?"

बरोबरच होतं. आईने पर्स उचलली. दाराशी काळं पायपुसणं होतं, ते बघून साहेब थबकल्या, खड्डा असावा तशा. आईने पायपुसणं पायाने बाजूला सारलं.

१२ ते २४. खालील गोष्टी सहभागी व्यक्ती स्वतः करते का?

बटणं लावणे. जिना उतरणे. ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारणे. अशा तेरा ओळी, प्रत्येक ओळीला चार चौकोन. आईने खुणा पटापट केल्या. गेल्या वर्षी सगळ्या खुणा डावीकडच्या चौकोनांत होत्या. या वर्षी त्या जिन्यासारख्या उजवीकडे उतरत गेल्या. "हे बघा," म्हणून तिने कागद बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि खिशात ठेवला.

"वाचलंत का?"

"वाचलं की."

"चष्मा न लावता?"

"तुझं अक्षर काय आज बघतोय का मी?"

आतून आवाज

चाचणीच्या खोलीचं दार कधीच नीट लागत नसे. कडी होती, पण चौकट फुगलेली. बोटभर फट राही. पहिल्या वर्षी आईने या फटीतूनच सगळं ऐकलं होतं आणि पाहिलंही होतं.

चाचणी साधी. बारा चित्रांची एक वही. एकेक चित्र दाखवायचं, नाव विचारायचं, वही मिटायची, थोडं इकडचंतिकडचं बोलायचं आणि मग विचारायचं, काय काय पाहिलंत? चित्रं दरवर्षी तीच, कारण माप बदललं तर मापणार काय. हे आईला कोणी समजावून सांगायला नको होतं.

पहिल्या वर्षी साहेबांना पाच आठवली. बाहेर आल्या त्या ओठ काढून. "नापास?" शाळेत हा शब्द त्यांनी एवढ्यांदा ऐकला होता, की दुसऱ्या कुठल्याही शब्दाआधी तो ओळखायच्या. चाचणीवाली ताई म्हणाली, "अहो साहेब, इथे पास-नापास नसतं." साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने वही आवरायला घेतली. घरी जाऊन जेवल्या नाहीत. दोन दिवस दुकानात कुणालाही मान खाली घालायला सांगितलं नाही.

आईला ती बारा चित्रं पाठ होती. तिला सगळंच पाठ व्हायचं, तीस वर्षांचा सराव. बाबांनी बुटांच्या खोक्याचे तुकडे कापून त्यांवर चित्रं काढली. छत्री जमली. किल्ली जमली. बदक मात्र थेट किटलीसारखं झालं.

"हे बदक?"

"चोच बघ की."

"ती तोटी आहे, अहो."

चाचणीचा महिना जवळ आला की रोज संध्याकाळी पुठ्ठे बाहेर निघायचे. छत्री, किल्ली, बदक, खुर्ची, जहाज, सफरचंद, हातोडी, घोडा, टोपी, घंटा, पान, दिवा. साहेबांना हा खेळ भारी आवडायचा, कारण यात त्या दोघांवर ओरडू शकत. दुसऱ्या वर्षी साहेबांना आठ आठवली. तिसऱ्या वर्षी बारापैकी बारा. त्या वर्षी वहीतलं छापील बदक बघून साहेब म्हणाल्या होत्या, "हे नाही. बाबांचं बदक." चाचणीवाली हसली आणि तिने लिहून घेतलं: वडिलांशी जवळीक उत्तम.

"पास?"

"पास, साहेब."

मग तिघं खाली जाऊन आइस्क्रीम खायचे. एवढंच होतं ते. यात कोणाचं काय जाणार होतं?

आज फटीतून ऐकू आलं. चाचणीवाली म्हणाली, "साहेब, तयार? वही उघडू?" वही उघडण्याच्या आत साहेबांचा आवाज आला, सपाट, एकामागून एक, ओट्यावर पेले मांडावेत तसा. "छत्री, किल्ली, बदक, खुर्ची, जहाज, सफरचंद, हातोडी, घोडा, टोपी, घंटा, पान, दिवा."

"अगंबाई! थांबा हो, मला दाखवू तरी द्या."

बाबांचा गुडघा थांबला.

२५ ते ३०

आईने भरले. काय भरलं ते नंतर तिला आठवलं नाही.

३१. चाचणीच्या निकालावर परिणाम होईल असे काही (आजारपण, औषधे, आधी केलेला सराव) आहे काय?

☐ नाही ☐ होय. असल्यास लिहा:

अकरा वर्षं आईने इथे 'नाही'वर खूण केली होती. या वर्षी तिने प्रश्न कोरा ठेवला आणि कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

डॉक्टरांची खोली

अभ्यासाच्या डॉक्टर म्हणजे एक बारीक चणीच्या बाई, नेहमी घाईत, पण आज आनंदात. साहेब खुर्चीत बसल्या, हात मांडीवर, तळवे वर. चाचणीवाली दाराशी उभी राहिली. आईने पंधरा मिनिटं सांगितलं. टॉवेल सांगितला, नळ सांगितला, पायपुसणं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं नीट ऐकलं, हे मान्य करायला हवं.

"काकू, घाबरू नका. मी तुम्हाला एक गंमत दाखवते." त्यांनी पडदा आईकडे वळवला.

पडद्यावर चाळीसेक रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक माणूस. तिशीपर्यंत बऱ्याच सरळ जात, मग एकेक वाकत, मग घसरत. वाऱ्याने आडवं झालेलं गवत दिसतं तसं. आणि सगळ्यांच्या डोक्यावरून एकच रेघ, सुरुवातीला चढून मग ताठ, बाराच्या आकड्याला धरून, शेवटपर्यंत.

"ही साहेबांची," डॉक्टर म्हणाल्या. "यांच्यात स्मृतिभ्रंश फार लवकर येतो, तुम्हाला माहीतच आहे. हिच्यात तो आलेलाच नाही. का नाही, ते शोधायचंय. हिचं रक्त आम्ही वेगळं राखून ठेवलंय. गेल्या महिन्यात परिषदेत मी या एकाच रेघेवर बोलले. किती आईबाप येऊन भेटले, काय सांगू!"

"मग ते टॉवेलचं?" आईने विचारलं.

"मन उदास असेल. कामाचा कंटाळा. स्मृतीला धक्का नाही, हे तर समोरच आहे. मेंदूच्या तपासणीची आत्ता गरज वाटत नाही मला. पुढच्या वर्षी बघू."

आई रेघेकडे बघत राहिली. जो काटा वर्षानुवर्षं तसूभरही हलत नाही, तो बरोबर नसतो, अडकलेला असतो. असा काटा पहिल्या झटक्यात ओळखायची ती, नुसत्या चकाकीवरून. दुकानदार कौतुकाने सांगायचा, बाई, दहा वर्षांत एकदाही दुरुस्ती नाही. आणि ती पेटी उघडायची.

"माझा एक प्रश्न भरायचा राहिलाय," ती म्हणाली.

"राहू द्या, बाहेर भरा."

"नाही, इथेच भरते."

बाबा तिच्याकडे पाहत होते. "अगं," ते हळूच म्हणाले. "बघ हं."

"बघितलं."

"मग लिही बाई. मी तरी ती बदकं काढून किती वर्षं काढू."

आईने 'होय'वर खूण केली. दोन ओळींची जागा होती, एकच लागली. चित्रे घरी शिकवली आहेत, पहिले वर्ष सोडून दरवर्षी. तिने कागद टेबलावर सरकवला. डॉक्टरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. पडद्यावरची रेघ तशीच ताठ होती, तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

"दरवर्षी थोडं लक्षात राहतंच," चाचणीवाली घाईघाईने म्हणाली. "ते आपण धरून चालतो, मॅडम."

"लक्षात राहिलेलं नाही हे," आई म्हणाली. "रोज संध्याकाळी. बुटांच्या खोक्यावर काढून."

डॉक्टरांचा झाला तसा चेहरा आईने यापूर्वी खूपदा पाहिला होता. सील तोडलं की दुकानदाराचा होतो तो. फक्त या बाईने काही केलेलं नव्हतं.

"काकू, का?"

आईकडे उत्तर होतं, पण ते या खोलीत फार लहान दिसलं असतं. "ती रडायची," ती म्हणाली.

दुसरी वही

कपाटात दुसऱ्या कुठल्याशा अभ्यासाची वही होती, वेगळी बारा चित्रं. चाचणीवालीने तिच्यावरची धूळ पुसली. या वेळी आईबाबांना खोलीतच बसू दिलं. आता लपवायचं काय उरलं होतं? शिडी, चमचा, मासा, कंगवा, ढग, फुगा, सायकल, भिंग, मोजा, कात्री, झाड, बटण. साहेबांनी नावं सांगितली, काही दोनदा विचारल्यावर. मग वही मिटली. चाचणीवाली त्यांच्याशी जरा इकडचंतिकडचं बोलली, केस कोणी कापले, छान कापलेत.

"साहेब, आता सांगा. काय काय पाहिलंत?"

साहेब ताठ बसल्या. त्यांना हे येत होतं. "छत्री, किल्ली, बदक, खुर्ची, जहाज, सफरचंद, हातोडी, घोडा, टोपी, घंटा, पान, दिवा."

आणि हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"वा," चाचणीवाली म्हणाली. "आणि आत्ता पाहिलेली? या वहीतली?"

साहेब वहीकडे पाहत राहिल्या. बाबा आपल्या बोटांकडे पाहत होते. एक मिनिट गेलं, भिंतीवरच्या घड्याळात सगळ्यांना दिसेल असं.

"कंगवा," साहेब म्हणाल्या.

चाचणीवालीने एक लिहिला. पहिल्या वर्षी पाच, आज एक. अकरा आकडे खोडले गेले आणि दोन खरे उरले. आईने मनातल्या मनात दोन ठिपके जोडले. दोन ठिपके पुरतात. किती वेगाने ते सांगता येत नाही, कोणीकडे ते येतं.

मागची बाजू

डॉक्टर बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी मान वर केली, आणि आता त्या घाईत नव्हत्या.

"थायरॉइड शेवटचं कधी तपासलं?"

"इथे दरवर्षी रक्त घेता ना," आई म्हणाली.

"ते अभ्यासासाठी. गोठवून ठेवतो. त्यात थायरॉइड बघत नाही आम्ही. ते तुमचे डॉक्टर बघतात ना दरवर्षी?"

"त्यांना वाटतं, तुम्ही बघता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शेवटची तपासणी निघाली पाच वर्षांपूर्वीची. पाच वर्षं दोन्हीकडच्या डॉक्टरांनी ते एकमेकांवर सोपवलं होतं. कानांचंही तेच. झोपेत श्वास अडकतो का, ते तर कोणीच कधी विचारलं नव्हतं.

"थायरॉइड कमी असेल तरी असं होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "कान, झोप, मानेचे मणके. ही सगळी आधी बघायला हवीत. बघायला हवी होती. त्यांतलं काही निघालं तर उपाय आहे. मेंदूची तपासणी पुढच्या आठवड्यात करू."

"आणि त्यांतलं काही निघालं नाही तर?" बाबांनी विचारलं. सबंध दिवसात त्यांनी डॉक्टरांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तर मग ते दुसरं. त्यावर खरं औषध अजून नाही, काका. त्यासाठीच तर," त्यांनी पडद्याकडे हात केला आणि हात मध्येच खाली घेतला.

आईने विचारलं, "आमचं नाव काढणार का?"

"आकडे काढावे लागतील. नाव नाही. तुम्ही पुढच्या वर्षी या. नवी वही असेल." डॉक्टर म्हणाल्या, "ती घरी नेऊ नका."

"नाही."

सही करायला एक कागद आला. निळी शाई. आईने सही केली. त्या आईबापांचा विचार तिच्या मनात येऊन गेला, परिषदेत डॉक्टरांना येऊन भेटले होते त्यांचा. त्यांना कोण कळवणार? ते विचारावं असं तिला वाटलं. पण तोंडातून निघालं भलतंच. "रक्त कुठल्या खोलीत?"

रक्त तळमजल्यावर होतं. साहेबांनी हात पुढे केला, सुई बघितली, हू की चू केलं नाही. पूर्वी त्या सुई टोचणाऱ्याला फैलावर घ्यायच्या, हळू, आधी पुस, बघ तिकडे. आज टोचणाराच म्हणाला, "किती शहाण्या आहेत या." आईने बोळा दाबून धरला.

बाहेर पडताना दाराशी फरशीचा रंग बदलत होता, पांढऱ्याची काळी. साहेब थबकल्या. आईने त्यांची बाही धरली, बाबांनी दुसरी. "एक, दोन," आई म्हणाली, आणि तिघं मिळून त्या काळ्या फरशीवर उतरले, पायरी असल्यासारखे.

आइस्क्रीमवाला तोच होता. बाबांनी न विचारता तीन कोन सांगितले. आईने उत्तर तयार ठेवलं होतं. खोलीतून बाहेर पडल्यापासून ती ते घोकत होती. आज पासबिस नाही साहेब, आज नुसतं आइस्क्रीम. आता विचारतील, मग सांगायचं. बाकावर बसले. कोन संपत आला. आइस्क्रीमचा ओघळ साहेबांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला आणि त्यांनी तो पुसला नाही, कोणाला पूस म्हणून सांगितलंही नाही.

आईने वाट पाहिली. समोरून दोन बस गेल्या.

"चला," बाबा म्हणाले.

आईने रुमाल काढून साहेबांचा हात कोपरापासून खाली मनगटापर्यंत पुसला, मग बोटं, एकेक. रुमालाची घडी घातली. अर्धी, पुन्हा अर्धी. साहेब तिच्या हातांकडे पाहत होत्या. आईने घडी पुन्हा उलगडली आणि रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

"थांबा जरा," ती बाबांना म्हणाली. "बसा."

बाबा बसले. बाकाची पट्टी हलली, तिघांनाही कळलं.